टेंपरेचर कन्व्हर्जनचा नेहमीचा घोळ: आकडा कितीने चुकलाय त्यावरून चूक ओळखा

भट्टी ८९९ डिग्री सेल्सिअसला सेट, वर्कशीटवर टॉलरन्स (किती इकडेतिकडे चालेल ती मर्यादा) प्लस मायनस ४, आणि चार्ट काही केल्या त्या ४ मध्ये बसेना. कधी एका कोपऱ्यात ६ ने वर, कधी दाराजवळ ७ ने खाली. तीन आठवडे आम्ही त्या भट्टीच्या मागे हात धुऊन लागलो होतो, थर्मोकपल म्हणजे टेंपरेचरचे सेन्सर बदलले, कॉम्पेन्सेटिंग केबल नवीन ओढली, कंट्रोलरला दोनदा ऑटोट्यून मारलं, दाराची सिरॅमिक रोप बदलली, बर्नरवाला येऊन त्याच्या पद्धतीने डोकं खाजवून गेला. शेवटी एक ज्युनिअर पोरगा कस्टमरचं मूळ ड्रॉइंग घेऊन आला आणि म्हणाला, सर इथे तर १६५० प्लस मायनस २५ फॅरेनहाइट लिहिलंय, मग २५ चे ४ कसे झाले?

झालं असं होतं की ज्याने शीट बनवली त्याने १६५० टाकले, ८९९ आले, एकदम बरोबर. मग तोच फॉर्म्युला खालच्या सेलमध्ये ओढला, २५ टाकले, आले उणे ३.९. आता टॉलरन्स उणे कसा येईल हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता, पण त्याला वाटलं असेल की नाहीतरी पुढे प्लस मायनस लावायचंच आहे तर चिन्हाचं काय एवढं, आणि ४ लिहून मोकळा झाला. खरं उत्तर २५ भागिले १.८, म्हणजे १३.९, म्हणजे १४. भट्टी पहिल्या दिवसापासून पास होती हो. आम्ही ठणठणीत पेशंटला तीन आठवडे सलाइन लावून ठेवलं होतं.

हा प्रॉब्लेम मी नंतर इतक्या वेगवेगळ्या रूपात बघितलाय की आता कोणी म्हणालं टेंपरेचर मॅच होत नाहीये तर मी वायरिंगच्या आधी विचारतो, कितीने चुकतंय? आकडा सांगा. कारण कन्व्हर्जनची चूक ठराविक आकड्यांनीच होते आणि ते आकडे एकदा पाठ झाले की निम्म्या केसेस खुर्चीत बसून सुटतात.

आधी मूळ गोष्ट. फॅरेनहाइट म्हणजे १.८ गुणिले सेल्सिअस अधिक ३२, हे सगळ्यांना येतं. केल्विन म्हणजे सेल्सिअस अधिक २७३.१५, हेही येतं. रँकिन म्हणजे फॅरेनहाइट अधिक ४५९.६७, हे अमेरिकन पुस्तकं वापरणाऱ्यांना येतं बाकीच्यांना लागलं की शोधावं लागतं. प्रॉब्लेम फॉर्म्युल्यात नाहीच, प्रॉब्लेम हा की समोरचा आकडा नक्की काय आहे हे कोणी बघत नाही. तो आकडा म्हणजे थर्मामीटरवरचं रिडिंग आहे का, की दोन रिडिंगमधला फरक आहे, की 'प्रति डिग्री' असलेला एखादा गुणांक आहे? तिन्हीकडे हिशोब वेगळा.

रिडिंग असेल तर ३२ येतो. फरक असेल तर ३२ येत नाही, नुसतं १.८ ने भागा किंवा गुणा. कारण दोन रिडिंग वजा केली की दोन्हीकडचे ३२ एकमेकांना खाऊन टाकतात. टॉलरन्स, टेंपरेचर राइज, अॅप्रोच (हीट एक्स्चेंजरमधल्या दोन प्रवाहांत उरलेलं टेंपरेचरचं अंतर), एलएमटीडी (तिथलाच लॉगरिदमने काढलेला सरासरी फरक), तासाला किती डिग्री चढवायचं तो रेट, कंट्रोलरचा हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या टेंपरेचरमधलं अंतर), प्रपोर्शनल बँड (ज्या पट्ट्यात कंट्रोलर हीट हळूहळू कमीजास्त करतो) डिग्रीत दिला असेल तर तो, हे सगळे फरक आहेत. ही यादी मला तोंडपाठ आहे कारण यातल्या प्रत्येकावर कोणीतरी ३२ लावलेला मी पाहिलाय, हिस्टेरेसिसवर तर मी स्वतःच लावलाय एकदा.

एक मस्त उदाहरण एएसएमईच्या सेक्शन आठमध्ये, म्हणजे प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडमध्ये आहे, वेल्डिंगनंतरच्या हीट ट्रीटमेंटच्या म्हणजे पीडब्ल्यूएचटीच्या नियमात. तिथे म्हटलंय की ८०० फॅरेनहाइटच्या वर गेल्यावर हीटिंग रेट तासाला ४०० फॅरेनहाइट भागिले इंचातली जाडी याच्यापेक्षा जास्त नको. त्याच वाक्यात मेट्रिक आकडे बघा, ८०० च्या जागी ४२५ आणि ४०० च्या जागी २२२. नवीन माणूस हे बघून चक्रावतो, ८०० चे ४२५ तर ४०० चे २०४ यायला पाहिजेत ना? नाही. ८०० हे रिडिंग आहे, ४०० हा रेट आहे म्हणजे फरक आहे. ज्याला हे एक वाक्य कळलं त्याला अख्खं कन्व्हर्जन कळलं असं मी समजतो, इंटरव्ह्यूत पण हेच विचारतो.

आणि कोड किंवा स्टँडर्डमध्ये दोन्ही युनिट छापलेले असतील तर स्वतःचा कॅल्क्युलेटर काढू नका, छापलेलं घ्या. एएमएस २७५० मध्ये, म्हणजे हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांचं टेंपरेचर मोजण्याच्या एरोस्पेस स्टँडर्डमध्ये, क्लास ५ च्या भट्टीला प्लस मायनस २५ फॅरेनहाइट आणि बाजूलाच १४ सेल्सिअस दिलंय, ठीक आहे, जमतं. पण क्लास ४ ला २० फॅरेनहाइट आणि १० सेल्सिअस आहे, कॅल्क्युलेटर म्हणतो ११.१. तुम्ही ११ लिहिलं तर ऑडिटर १० वर बोट ठेवणार आणि त्याचं बरोबर असणार.

आता 'प्रति डिग्री' वाले. इथे उलटं होतं आणि इथे मोठमोठे लोक पडतात. स्टीलचा एक्स्पान्शन गुणांक प्रति फॅरेनहाइट डिग्री साधारण ६.७ गुणिले १० चा उणे सहावा घात. सेल्सिअसला नेताना लोक सवयीने १.८ ने भागतात, येतात ३.७. पण डिग्री खाली छेदात बसलीये ना, सेल्सिअसची एक डिग्री मोठी आहे, त्या मोठ्या डिग्रीत लोखंड जास्तच वाढणार, म्हणून १.८ ने गुणायचं, १२ येतात. ३० मीटरची लाइन १०० डिग्रीने तापली तर ३६ मिमी वाढते. चुकीच्या आकड्याने ११ मिमी येतं. त्या ११ वर एक्स्पान्शन लूप (वाढ सामावून घ्यायला पाइपला दिलेलं वळण) काढला तर पाइप सपोर्टवरून सरकून तुम्हाला उत्तर सांगेल.

उलट थर्मल कंडक्टिव्हिटी 'वॅट प्रति मीटर केल्विन' दिसली की काही जण तिला सेल्सिअसमध्ये न्यायला २७३ वजा करायला धावतात. तिथे काहीच करायचं नाही. केल्विनची एक पायरी आणि सेल्सिअसची एक पायरी सारखीच आहे, ४५ चे ४५ च राहतात. हसू नका, ४५ मधून २७३ वजा करून उणे कंडक्टिव्हिटी आलेली शीट मी डोळ्यांनी बघितलीये, आणि त्याच्या पुढे 'सॉफ्टवेअर एरर?' असं पेन्सिलने लिहिलेलं होतं.

आता त्या ठराविक आकड्यांकडे, म्हणजे प्रत्येक चुकीच्या ठशांकडे येतो, कारण ट्रबलशूटिंगची खरी मजा तिथे आहे. पद्धत एकच, कमीत कमी दोन वेगळ्या टेंपरेचरला खरं किती आणि दिसतंय किती हे लिहून घ्या. एका पॉइंटवर काही कळत नाही. बर्फाचं पाणी आणि उकळतं पाणी मिळालं तर छान, नाहीतर कॅलिब्रेटरने सिम्युलेट करा.

चूक दोन्हीकडे सारखीच येत असेल तर कुठेतरी ऑफसेट, म्हणजे मिळवायचा किंवा वजा करायचा ठरलेला आकडा, चुकलाय. ३२ फॅरेनहाइट किंवा १७.८ सेल्सिअसने सरळ सरळ फरक म्हणजे ३२ विसरला किंवा फुकटचा लागला. सेल्सिअसला १४.२ ने कमी दिसतंय म्हणजे कंस राहिलाय, आधी ३२ वजा करून मग १.८ ने भागायचं होतं आणि फॉर्म्युल्यात आधी भागून मग ३२ वजा झालेत. याचीच उलटी बाजू, फॅरेनहाइटला २५.६ ने जास्त म्हणजे ३२ मिळवून मग १.८ ने गुणलंय. हे १४.२ आणि २५.६ लक्षात ठेवा, हे दोन आकडे दुसऱ्या कुठल्याही कारणाने सहसा येत नाहीत त्यामुळे दिसले की डायरेक्ट कंस बघायचे. १८६.५ ने कमी म्हणजे कोणीतरी फॅरेनहाइटमध्ये ४५९.६७ च्या जागी २७३.१५ मिळवून त्याला रँकिन म्हटलंय. आणि ०.१५ चा फरक म्हणजे कोणी २७३ वापरलंय कोणी २७३.१५, यावर भांडू नका, भट्टीला त्याने काही फरक पडत नाही, लॅबला पडतो. २७३.१६ हा आकडाही कुठेकुठे दिसेल, तो पाण्याच्या ट्रिपल पॉइंटचा आहे, ०.०१ सेल्सिअस, तो ऑफसेट नाही.

चूक टेंपरेचरबरोबर वाढत जात असेल तर १.८ चा घोळ. याचा सगळ्यात फेमस प्रकार प्रोग्रामिंगवाला. सी मध्ये किंवा त्याच घराण्यातल्या भाषेत ९/५ लिहिलं की दोन्ही पूर्णांक असल्यामुळे उत्तर १.८ येत नाही, १ येतं. मग ० डिग्रीला ३२ दिसतात, बरोबर, टेस्ट करणारा खूश, आणि १०० डिग्रीला २१२ च्या जागी १३२. उलट्या बाजूला ५/९ लिहिलं तर ० येतं, मग सेन्सर भट्टीत घाला नाहीतर बर्फात, स्क्रीनवर कायम शून्य, आणि बिचारा माणूस सेन्सर बदलत बसतो. ५.०/९.० लिहा, संपला विषय. पायथनच्या आवृत्ती ३ मध्ये हे होत नाही, आवृत्ती २ मधल्या जुन्या स्क्रिप्ट अजून चालू असतील तिथे होतं.

उकळत्या पाण्यात प्रोब आणि स्क्रीन म्हणतीये ३७.८ किंवा ४१३.६? हे डबल कन्व्हर्जन. ट्रान्समीटरने (सेन्सरचं रिडिंग पुढे पाठवणारं यंत्र) १०० आधीच बरोबर पाठवलंय आणि पीएलसीने (प्लँट चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर) त्याला फॅरेनहाइट समजून परत सेल्सिअस केलं की ३७.८. किंवा ट्रान्समीटरने २१२ पाठवले आणि वर त्याला सेल्सिअस समजून अजून एकदा वाढवलं की ४१३.६. एका डिपार्टमेंटने ट्रान्समीटर कॉन्फिगर केला, दुसऱ्याने पीएलसी, तिसऱ्याने स्काडा (ऑपरेटर बघतो ती स्क्रीनवाली सिस्टम), आणि प्रत्येकाने 'मी कन्व्हर्ट करून ठेवतो' असं मनातल्या मनात ठरवलं की हे होणारच. कन्व्हर्जन एकाच ठिकाणी, आणि कुठे ते टॅगच्या (सिस्टममध्ये त्या रिडिंगला दिलेल्या नावाच्या) डिस्क्रिप्शनमध्ये लिहायचं. एक गंमत सांगतो, हे उणे ४० ला सापडत नाही. उणे ४० दोन्ही स्केलवर एकच आहे, कितीही वेळा कन्व्हर्ट करा उणे ४० च राहणार, त्यामुळे ज्याने फक्त उणे ४० टाकून टेस्ट केली त्याचं डबल कन्व्हर्जन आरामात पास होतं.

चूक खाली जास्त आणि वर जाता जाता कमी होत असेल तर ४-२० मिलिअँपच्या रेंजचं बघा, म्हणजे रेंजचं खालचं टोक ४ आणि वरचं टोक २० मिलिअँप करंटने पाठवणाऱ्या सिग्नलचं. ट्रान्समीटर ० ते २०० सेल्सिअस आहे, ते फॅरेनहाइटमध्ये ३२ ते ३९२. पण स्क्रीनवर स्केल टाकताना '० चं शून्यच' म्हणून ० ते ३९२ टाकलं जातं. मग ४ मिलिअँपला ३२ च्या जागी ० दिसतं, १२ मिलिअँपला २१२ च्या जागी १९६, आणि २० ला एकदम करेक्ट. जो फक्त वरच्या पॉइंटला चेक करतो त्याला हे कधीच दिसत नाही आणि प्लँट तर वरच चालतो, त्यामुळे वर्षभर कळत नाही, स्टार्टअपला मात्र प्रत्येक वेळी लो टेंपरेचरचा अलार्म वाजत राहतो आणि लोक तो बायपास करून ठेवतात.

बरोबर २७३ ने जास्त दिसतंय तर ते केल्विन आहे, कोणीतरी सेल्सिअसचं लेबल चिकटवलंय. काही थर्मल कॅमेरे केल्विनच्या शंभरपट आकडा पाठवतात, २९८१५ आलं म्हणजे २९८.१५ केल्विन म्हणजे २५ सेल्सिअस. नुसतं शंभरने भागून खोलीचं तापमान २९८ दाखवलं तर ते केल्विनवाल्याला नॉर्मल वाटतं आणि बाकीच्यांना आग लागल्यासारखं.

इथे एक सावधगिरी. थर्मोकपलचं रिडिंग २५, ३०, ३२ अशा आसपासच्या आकड्याने कमी दिसत असेल तर लगेच कन्व्हर्जनवर आळ घेऊ नका, ते कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन असू शकतं, म्हणजे थर्मोकपलची वायर जिथे जोडली जाते तिथलं टेंपरेचर हिशोबात धरणं. ते बंद असेल तर रिडिंग साधारण खोलीच्या टेंपरेचरएवढं कमी येतं, आणि तो आकडा योगायोगाने त्या ३२ च्या जवळ जातो म्हणून फसगत होते. ओळखायचं कसं, तर दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा चूक मोजा. कन्व्हर्जनची चूक घड्याळ बघत नाही, कोल्ड जंक्शनची पॅनेल गरम झालं की हलते. के टाइपच्या (थर्मोकपलचा एक नेहमीचा प्रकार) वायरला डिग्रीमागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट येतात त्यामुळे मल्टिमीटर चांगला असेल तर टर्मिनलवर मोजूनही खात्री करता येते.

आता अब्सोल्यूट टेंपरेचरचा, म्हणजे अगदी शून्यापासून मोजलेल्या केल्विन-रँकिनचा भाग. इथे चूक ठराविक आकड्याने येत नाही, उत्तर सरळ वेड्यासारखं येतं. नियम साधा आहे, फॉर्म्युल्यात टेंपरेचर गुणाकारात, भागाकारात किंवा घातात आलं तर केल्विन किंवा रँकिनच. २० डिग्रीची बंद टाकी ४० ला नेली तर प्रेशर दुप्पट होत नाही, २९३ वरून ३१३ म्हणजे साधारण ७ टक्के वाढतं, आणि हो, ते प्रेशरही अब्सोल्यूट, गेजवरचं नाही, ती ह्याच चुकीची सख्खी बहीण. रेडिएशनमध्ये चौथा घात असल्याने तर कहर होतो. ५०० सेल्सिअसचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरला साधारण २०.३ किलोवॅट फेकतो, ७७३ च्या जागी ५०० च टाकले तर ३.५ येतात. आणि गॅस कॉन्स्टंट कुठला उचललाय ते बघा, ८.३१४ केल्विनचा आहे, १०.७३ पीएसआय-घनफूटवाला रँकिनचा आहे. एकाचा कॉन्स्टंट आणि दुसऱ्याचं टेंपरेचर घेतलं की १.८ पट चूक.

गॅस फ्लोचा हिशोब ५ ते ६ टक्क्यांनी जुळत नसेल तर मीटर काढून पाठवायच्या आधी रेफरन्स, म्हणजे आकारमान कुठल्या टेंपरेचरला धरलंय ते विचारा. एक पार्टी ० डिग्री धरते, दुसरी ६० फॅरेनहाइट म्हणजे १५.५६ सेल्सिअस. २८८.७१ भागिले २७३.१५ करा, ५.७ टक्के तिथेच निघाले. दोन्ही मीटर बरोबर असतात.

अनुभवावर बसवलेल्या समीकरणांना मात्र हा नियम लागू नाही, आणि हे कोणी सांगत नाही. अँटॉइन इक्वेशन घ्या, द्रवाचं व्हेपर प्रेशर काढायचं, टेंपरेचर छेदात आहे म्हणून शहाणा माणूस केल्विन टाकतो. पण पाण्याचे नेहमीचे कॉन्स्टंट, ८.०७१३१, १७३०.६३ आणि २३३.४२६, हे सेल्सिअस आणि मिमी पाऱ्याचे आहेत. १०० टाका, ७६० येतात, सुंदर. ३७३.१५ टाका, १ लाख ६५ हजार येतात. ओळखायची ट्रिक अशी की तिसरा कॉन्स्टंट बघायचा, २३० च्या आसपास पॉझिटिव्ह असेल तर सेल्सिअसचा सेट, उणे ४० च्या आसपास असेल तर केल्विनचा, कारण २३३.४२६ मधून २७३.१५ गेले की उणे ३९.७ उरतात. टेबलावरचं हेडिंग फोटोकॉपीत कापलं गेलं असलं तरी कॉन्स्टंट स्वतः सांगतो मी कुठला.

एक्सेलवाल्यांसाठी, त्यातलं कन्व्हर्ट फंक्शन टेंपरेचरला नेहमी रिडिंगच समजतं, म्हणजे ३२ लावतंच. त्याला तुमचा आकडा टॉलरन्स आहे हे कळायचा काही मार्ग नाही. म्हणून आमच्या शीटमध्ये आता दोन वेगळे कॉलम आहेत, एकाचं नाव 'रिडिंग' आणि एकाचं 'फरक', फरकवाल्यात साधा १.८ चा भागाकार आहे आणि दोन्ही सेल लॉक करून ठेवलेत म्हणजे कोणी खाली ओढू नये.

जुन्या मॅन्युअलमध्ये सेंटिग्रेड दिसलं तर घाबरू नका, सेल्सिअसच आहे ते, १९४८ ला नाव बदललं. आणि 'डिग्री केल्विन' लिहिलेलं दिसलं तर कागद बहुधा १९६७ च्या आधीचा किंवा त्या सवयीच्या माणसाचा, तेव्हापासून नुसतं केल्विन म्हणतात. आकडे तेच.

डोक्यात पटकन करायचं असेल तर सेल्सिअसची दुप्पट करा, तिच्यातून १० टक्के काढा, ३२ मिळवा. २५ चे ५०, त्यातून ५ गेले ४५, अधिक ३२, ७७. हे अंदाजे नाही बरं का, बरोबर उत्तर आहे.

त्या भट्टीच्या पॅनेलच्या दारावर आतून एक स्टिकर लावलाय, ज्या पोराने ड्रॉइंग आणलं त्यानेच टाइप करून. तीन ओळी आहेत: ० से चे ३२ फॅ, १०० से चे २१२ फॅ, आणि खाली लाल रंगात, १०० से चा फरक म्हणजे १८० फॅ चा फरक. पहिल्या दोन ओळी कोणी वाचत नाही. तिसरीवर बोट ठेवून ठेवून तिथला लाल रंग उडत चाललाय.